सोयाबीन काढणीआधी हार्वेस्टरचं शिबिर: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

हार्वेस्टरची देखभाल, सुरक्षा आणि सेटिंग शिकवणाऱ्या शिबिराची आधी तारीख ठरवा, पाहुण्यांचं नंतर बघा. जूनअखेर पेरलेलं आणि ९५ ते १०० दिवसांत येणारं सोयाबीन सप्टेंबरअखेरीपासून कापणीला लागतं, म्हणून शिबिर पोळ्याच्या आसपास उरकायला हवं. दसऱ्याच्या तोंडावर घेतलं आणि बेअरिंग वाजताना सापडलं, तर पार्ट येईपर्यंत थांबायला कुणी तयार नसतं. 'यंदा चालवून घेऊ' म्हणत मशीन तसंच शेतात उतरतं. तीन-चार आठवडे हाताशी असले तर दुरुस्ती खरंच होते.

सभागृह नको. झाडाखाली किंवा शेडमध्ये उभं केलेलं, मागच्या हंगामातलं भुसकट तसंच अंगावर असलेलं मशीन हवं. धुऊन-पुसून आणलेल्या मशीनवर शिकण्यासारखं काही उरत नाही. एका मशीनभोवती बारा-पंधरा माणसं पुरे. त्यापुढचे नुसते मागे उभे राहतात. बोलावताना मालकाइतकाच ऑपरेटर महत्त्वाचा. बरेच ऑपरेटर पंजाब-हरियाणातून येतात, तेव्हा हिंदीत समजावणारं कुणीतरी सोबत ठेवा.

सुरक्षेचं व्याख्यान शेवटी ठेवण्याची चूक सर्रास होते. तोवर जेवणाचा वास आलेला असतो. त्याऐवजी प्रत्येक काम सुरक्षेच्या पायरीनेच सुरू करा: इंजिन बंद, किल्ली काढली, आणि ज्याचा हात आत जाणार त्याच्याच खिशात ती गेली. ड्रम, म्हणजे शेंगा मळणारा फिरता दंडगोल, चोक झाला की घाईत हात घातला जातो आणि वर बसलेला नेमका तेव्हाच स्टार्टर मारतो. शिवाय इंजिन बंद केलं तरी जड ड्रम काही वेळ फिरतच राहतो. तो थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. कटर बारखाली, म्हणजे पीक कापणाऱ्या पात्यांच्या पट्टीखाली, शिरण्याआधी हेडर (मशीनचा पुढचा कापणीचा भाग) वर उचलून त्याला उचलणाऱ्या सिलिंडरचा लॉक लावायचा. नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा नको, पाइप फुटला की हेडर थेट खाली येतं.

आगीचं कारण बहुतेकदा साधं असतं: सायलेन्सरजवळ साचलेलं भुसकट, गरम झालेलं बेअरिंग, उंदरांनी कुरतडलेली वायर. तिन्ही गोष्टी शिबिरातच उघडून दाखवा. मशीनवर पावडरचं अग्निशामक आहे का आणि त्याचा काटा हिरव्यात आहे का, तेही बघा. शेतावरून लोंबकळणाऱ्या विजेच्या तारा आणि दाणे उतरवायचा उंच पाइप यांचाही विषय इथेच काढा.

कटर बारवर भरपूर वेळ द्या, कारण सोयाबीन सर्वात जास्त तिथेच सांडतं. बोथट पातं झाड कापत नाही, हिसकतं. हिसक्यानं वाळलेल्या शेंगा फुटतात. तुटकी पाती, वाकलेली बोटं (पात्यांपुढचे लोखंडी दात), ढिले रिव्हेट प्रत्येकाने स्वतः शोधायचे. रीलचा, म्हणजे पीक पात्यांकडे ओढणाऱ्या फिरत्या चक्राचा, वेग मशीनच्या चालीपेक्षा किंचितच जास्त असावा. फार वाढवला तर रीलच शेंगा झोडपते.

नुकसान मोजायला तारेची एक मीटर बाय एक मीटर चौकट करा आणि तिच्यात ४० दाणे टाका. 'एवढं तर चालतंच,' असं कुणीतरी म्हणेलच. मग पाटीवर हिशोब मांडा: शंभर दाण्यांचं वजन ११ ग्रॅम धरलं तर चौरस मीटरला ४.४ ग्रॅम, म्हणजे एकरी जवळपास १८ किलो. लोक पुढे सरकतात ते इथे.

आता ड्रम. सोयाबीनचं टरफल पातळ असतं, मार बसला की उगवण घटते, आणि घरचं बियाणं ठेवणाऱ्याला ते पुढच्या जूनमध्ये कळतं. बियाण्यासाठी ओलावा १४ टक्के असताना ड्रम मिनिटाला ४०० ते ५०० फेऱ्यांवर, १३ टक्क्यांवर ३०० ते ४०० फेऱ्यांवर ठेवा. सकाळची सेटिंग दुपारच्या कोरड्या शेंगांना चालत नाही. फेऱ्या कानाच्या अंदाजाने नको, टॅकोमीटरने, म्हणजे फेऱ्या मोजायच्या यंत्राने, मोजा. दाणे फुटून डाळ पडत असेल तर आधी वेग कमी, मग ड्रम आणि त्याखालच्या जाळीतलं अंतर वाढवा. शेंगा न फुटता मागून जात असतील तर आधी अंतर कमी करा. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

गावात ट्रॅक्टरवरची मळणीयंत्रंही असतात. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद यंत्राला देणारा मागचा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांनी, म्हणजे सेकंदाला ९ वेळा फिरतो. पदर किंवा उपरणं अडकलं तर सोडवायला वेळच मिळत नाही. शाफ्टवर कव्हर हवंच. पेंढी टाकायचं तोंड निदान ९० सेंटिमीटर लांब आणि त्यातलं ४५ सेंटिमीटर झाकलेलं आहे का, टेपने मोजून घ्या.

कापणी सुरू झाली की चौकट घेऊन शेतावर जा. चालतं मशीन मध्येच थांबवून त्याच्या लांबीइतकं मागे घ्यायला सांगा. उभ्या पिकात, हेडरने नुकतंच कापलेल्या मोकळ्या पट्ट्यात आणि भुसकट पडलेल्या मागच्या भागात, अशा तीन ठिकाणी दाणे मोजा. पहिला आकडा आपोआप गळलेल्याचा. दुसऱ्यातून पहिला वजा केला की हेडरचं नुकसान, तिसऱ्यातून दुसरा वजा केला की ड्रम-चाळणीचं. कुठला पाना उचलायचा ते मग ऑपरेटरच सांगतो.