रोगप्रतिकारक पेशींवरचा जनुकांचा परिणाम प्रयोगात कसा पकडायचा

नवीन विद्यार्थी आला की तो पेशी वेगळ्या करतो आणि लगेच जनुकांची अभिव्यक्ती, म्हणजे कोणतं जनुक किती काम करतंय ते, मोजायला बसतो. मी त्याला थांबवते. आधी पेशींना डिवचा. शांत पेशींत माणसामाणसांतले कितीतरी फरक झाकलेलेच राहतात. 2014 साली ‘सायन्स’मध्ये 432 जणांच्या मोनोसाइटवरचा (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवरचा) अभ्यास आला. एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला एक घटक) किंवा इंटरफेरॉन-गॅमा (पेशींना सावध करणारं प्रथिन) देऊन पाहिल्यावर जवळच्या जनुकाची अभिव्यक्ती कमीजास्त करणारे जे व्हेरिएंट (डीएनएतले माणसामाणसांतले फरक) सापडले, त्यांतले निम्म्याहून जास्त फक्त चेतवलेल्या पेशींतच दिसले.

संमती घेतलेल्या दात्याचं रक्त आलं की वेळ घालवू नका. तितकंच पीबीएस (पेशींना न दुखवणारं क्षारांचं द्रावण) घालून ते पातळ करा. 50 मिलीच्या ट्यूबमध्ये 15 मिली फायकॉल (पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारा जड द्रव) घ्या, ट्यूब तिरकी धरा आणि 35 मिली पातळ केलेलं रक्त काचेवरून ओघळावं तसं कडेकडेने सोडा. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा: 400 जी (गुरुत्वाच्या 400 पट जोर), 30 मिनिटं, यंत्राचा ब्रेक बंद. वर पिवळसर प्लाझ्मा, तळाशी लाल पेशी, आणि प्लाझ्माच्या खालोखाल एक धुरकट पांढरी कडी. तीच हवी, मोनोसाइट तिच्यात असतात. पिपेटचं टोक कडीवर गोल फिरवत अलगद ओढा. फायकॉल जास्त आलं तर धुताना पेशी नीट खाली बसत नाहीत.

आता सीडी14च्या (मोनोसाइटच्या पृष्ठभागावरच्या ओळखखुणेच्या) चुंबकीय मण्यांनी मोनोसाइट वेगळे काढा. हा टप्पा गाळू नका. एखाद्याच्या रक्तात मोनोसाइटच जास्त असले तर एलपीएस दिल्यावर टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) जास्त येणारच, आणि आपण संख्येला पेशीचा स्वभाव समजून बसतो. प्रत्येक दात्याची एक वेल (प्लेटमधला खळगा) न चेतवता ठेवा. बाकीच्यांत एलपीएस घाला आणि त्या 2 आणि 24 तासांनी काढा.

प्लेट भरताना वेगवेगळ्या जीनोटाइपचे (कोणाकडे कोणता व्हेरिएंट आहे त्यानुसारच्या गटांचे) नमुने मिसळा. आमच्या एका प्रयोगात एका जीनोटाइपचे सगळे नमुने एका आठवड्यात लागले, दुसऱ्याचे पुढच्या, आणि मधे एलपीएसची बाटली बदलली. फरक ठसठशीत आला, आम्ही हरखून गेलो. मिसळून पुन्हा लावल्यावर तो उरलाच नाही. त्या दात्यांनी दिलेलं रक्त वाया गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

वय, लिंग, रक्त घेतल्याची वेळ आणि सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूची लागण, सगळं लिहून ठेवा. 2015 साली जुळ्यांच्या 105 जोड्यांत रोगप्रतिकारशक्तीची 204 मोजमापं घेतली, तेव्हा त्यांतल्या 77 टक्क्यांवर आनुवंशिकतेपेक्षा इतर कारणांचाच पगडा जास्त निघाला.

विश्लेषणात व्हेरिएंटच्या प्रती 0, 1, 2 अशा मोजा. ‘चेतवल्यावर परिणाम दिसला, आधी नव्हता’ एवढ्यावर निष्कर्ष काढू नका; दोन्ही स्थितींतला उतार (एका प्रतीमागे अभिव्यक्ती किती बदलते ते) खरोखर वेगळा आहे का, ते एकाच मॉडेलमध्ये तपासा. सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए जनुकांपाशी (शरीराला आपलं-परकं ओळखायला मदत करणाऱ्या) मात्र जास्त जपून. तिथे माणसामाणसांत इतके फरक असतात की अभिव्यक्ती मोजताना वाचलेले आरएनएचे छोटे तुकडे संदर्भ-जीनोमशी (तुलनेसाठी धरलेल्या प्रमाण जीनोमशी) जुळत नाहीत आणि अभिव्यक्ती उगाच कमी भासते. त्या भागासाठी दात्याच्या स्वतःच्या एचएलए प्रकाराशी तुकडे जुळवून घ्या.