जुन्या एमएक्स-५ साठी इंजिन ऑइल आणि स्पार्क प्लग कसे निवडावेत

माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनांची उघडी गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणत, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली, आणि १९९७ पर्यंत बनलेल्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी गाड्या आजही रस्त्यावर धावताना दिसतात. भारतात ती क्वचितच पाहायला मिळते. पण ब्रिटन, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या ज्या मराठी माणसाला आपल्या हाताने गाडीची निगा राखण्याची हौस आहे, त्याने ही गाडी घेतली की पहिल्याच महिन्यात त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात: ऑइल कोणते घालावे आणि प्लग कोणते बसवावेत. दुकानातला सर्वांत महाग डबा उचलणे आणि ‘जुनी गाडी आहे, दाट ऑइल घाला’ हा सल्ला मानणे, हे दोन्ही मार्ग माझ्या मते चुकीचे आहेत. या इंजिनाच्या पोटातच दोन गोष्टी अशा आहेत की त्या नीट समजल्या की उत्तर आपोआप मिळते. ऑइलसाठी ती गोष्ट म्हणजे हायड्रॉलिक टॅपेट, आणि प्लगसाठी एकाच वेळी दोन सिलिंडरांत ठिणगी पाडणारी कॉइल.

आधी टॅपेट पाहू. पहिल्या पिढीच्या १.६ आणि १.८ लिटर या दोन्ही इंजिनांत सोळा व्हॉल्व्ह आणि ते उघडणारे दोन कॅमशाफ्ट आहेत, आणि प्रत्येक व्हॉल्व्हच्या डोक्यावर ऑइलच्या दाबाने चालणारा टॅपेट बसवलेला आहे. त्याच्या आत एक लहानसा दट्ट्या, एक स्प्रिंग आणि एक बारीक गोळी असते. ऑइल आत शिरते, गोळी त्याला परत जाऊ देत नाही, आणि कॅम व व्हॉल्व्ह यांमधली फट कायम भरलेली राहते. त्यामुळे टॅपेट सेट करण्याची कटकट मालकाला उरत नाही. मात्र या टॅपेटमधल्या वाटा इतक्या अरुंद असतात की त्यांत काळपट गाळ अडकला, ऑइलबरोबर हवेचे बुडबुडे गेले किंवा ऑइल वेळेवर पोचलेच नाही, तर टॅपेट दबतो आणि बॉनेटखालून शिवणयंत्रासारखी टकटक ऐकू येते.

मी इंग्लंडमध्ये घेतलेली, जपानहून आलेली १.६ लिटरची युनोस पहिल्या थंड सकाळी अशीच टकटकत होती. गाडीबरोबर मिळालेल्या पावत्या चाळल्या तेव्हा आधीच्या मालकाने २०डब्ल्यू-५० हे दाट ऑइल भरून घेतल्याचे दिसले. त्यामागचा विचार मला परका नव्हता, कारण ज्या घरात मी वाढलो तिथेही जुन्या गाडीला दाटच ऑइल लागते हे गृहीतच धरलेले होते, आणि कार्ब्युरेटरच्या काळातल्या, सैल बेअरिंगांच्या इंजिनांना महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात ते मानवतही असे. या इंजिनाची घडण मात्र वेगळी आहे. मी डिपस्टिक काढून दोन बोटांत ऑइल चोळले. ते काळे आणि चिकट होते, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट साय धरली होती, म्हणजे गाडी जवळच्या जवळ फिरवली जात होती आणि ऑइलमधले पाणी उडून जाण्याइतके इंजिन कधी तापतच नव्हते. मी त्याहून पातळ १०डब्ल्यू-४० भरले, अवघ्या पंधराशे किलोमीटरवर ते काढून पुन्हा नवे भरले, आणि त्यानंतर टकटक सुरू झाल्यापासून काही सेकंदांत थांबू लागली.

डब्यावरच्या आकड्यांचा अर्थ आता सांगतो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठी आहे आणि त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते हे दाखवतो. १०डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे २५ अंश सेल्सिअसला आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना होते. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांना, उरणारा दाटपणा सांगतो. म्हणजे ५डब्ल्यू-४० आणि १०डब्ल्यू-४० ही ऑइले गरम इंजिनात जवळजवळ सारखीच असतात. फरक पडतो तो सकाळी किल्ली फिरवल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात, आणि जुन्या इंजिनाची बरीचशी झीज याच मिनिटात होते. माझदाच्या पुस्तिकेत हवामानानुसार दाटपणाचा तक्ता दिलेला आहे, त्यात ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० हे दोन्ही आहेत, आणि इंजिन निरोगी असेल व थंड प्रदेशात शांतपणे चालवले जात असेल तर आजही त्यांत काही गैर नाही. तरीही लाखभर किलोमीटर ओलांडलेल्या आणि मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत पळवल्या जाणाऱ्या इंजिनासाठी मी ४० चा दर्जा निवडतो, कारण तापलेल्या बेअरिंगमध्ये ऑइलचा थर दाबाखाली पातळ होतो आणि त्या वेळी थोडा जाड थर हाताशी असलेला बरा. हिवाळा कडक असेल तर ५डब्ल्यू-४०, सौम्य असेल तर १०डब्ल्यू-४०. ५० चा दर्जा मी फक्त भर उन्हाळ्यात दिवसभर ट्रॅकवर गाडी पळवणाऱ्यांना सुचवीन.

दाटपणाइतकाच डब्यावरचा दर्जाही महत्त्वाचा आहे. गाडी नवी होती तेव्हा एपीआय या अमेरिकन पेट्रोलियम संस्थेचा एसजी हा दर्जा चालू होता, २०२० मध्ये एसपी आला, आणि पेट्रोल इंजिनांच्या बाबतीत नवा दर्जा जुन्याची जागा घेऊ शकतो. युरोपात राहणाऱ्यांनी डब्याच्या मागच्या बाजूला एसीईए (युरोपातल्या मोटार उत्पादकांची संघटना) ए३/बी४ असे लिहिलेले शोधावे, कारण त्या वर्गात तापलेल्या ऑइलचा थर पुरेसा जाड राहण्याची अट घातलेली आहे. आता जस्ताविषयी. जुन्या ऑइलांत घर्षणापासून धातूला वाचवणारे जस्त आणि फॉस्फरसचे संयुग जास्त असे. ते धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला बाधते म्हणून ३० दर्जाच्या आणि त्याहून पातळ ऑइलांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आली. एमजीबीसारख्या, पुशरॉडवर चालणाऱ्या आणि सपाट टॅपेटच्या, साठच्या दशकातल्या ब्रिटिश गाडीच्या मालकाने याचा विचार जरूर करावा, तिथे जास्त जस्ताचे २०डब्ल्यू-५० शोभते. एमएक्स-५ च्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा त्या मानाने मऊ आहेत, आणि १०डब्ल्यू-४० सारख्या दाट ऑइलांना ही मर्यादा लागू नाही, म्हणून जस्ताची वेगळी बाटली आणून ऑइलमध्ये ओतण्याची गरज नाही. कारखान्याने मोजूनमापून तयार केलेल्या मिश्रणात घरी भर घातल्याने तोल बिघडण्याचीच शक्यता जास्त असते.

सिंथेटिक ऑइल घातले की जुने इंजिन गळू लागते, असे अनेकांना मनापासून वाटते. प्रत्यक्षात कडक झालेले रबर आधीच गळण्याच्या बेतात असते, जुन्या गाळाने ती भेग बुजवलेली असते, आणि चांगले ऑइल तो गाळ धुऊन काढते. तेव्हा ऑइल बदलण्याआधी इंजिनावर टॉर्च मारून व्हॉल्व्ह कव्हरच्या कडा आणि मागच्या बाजूला, फायरवॉलजवळ, कॅमशाफ्टच्या टोकाला बसवलेला सेन्सर पाहावा. त्या सेन्सरच्या रबरी रिंगेतून ऑइल झिरपून गिअरबॉक्सच्या खोळीवरून खाली ओघळते आणि मागचे मोठे सील गेले अशी समजूत करून देते. त्या समजुतीपायी गिअरबॉक्स उतरवला जातो, आणि खर्च होतो तो एका लहानशा रिंगेऐवजी दिवसभराच्या मजुरीचा. पैसे वाचवायचे असतील तर अर्धसिंथेटिक १०डब्ल्यू-४० घेऊन ते वर्षातून एकदा, किंवा आठ हजार किलोमीटरला, यांपैकी जे आधी येईल तेव्हा बदलावे. दोन वर्षे तसेच राहिलेल्या महागड्या ऑइलपेक्षा दर वर्षी बदललेले साधे ऑइल या टॅपेटना जास्त मानवते.

भरताना घाई करू नये. इंजिन कोमट असताना ऑइल काढावे, ड्रेन प्लगचा वॉशर नवा घ्यावा, आणि इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, अवघड जागी दडलेला फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिलेली नाही ना, हे बोट फिरवून पाहावे; तशी राहिली आणि नवा फिल्टर तिच्यावरच बसला तर इंजिन सुरू होताच ऑइल फवाऱ्यासारखे बाहेर पडते. १.६ ला साडेतीन लिटरच्या आसपास ऑइल लागते, १.८ ला थोडे अधिक. आधी तीनच लिटर ओतावे, मिनिटभर इंजिन चालवून बंद करावे, पाच मिनिटे थांबावे आणि मग डिपस्टिक पाहून थोडे थोडे घालावे. जास्त भरले तर फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, त्यात फेस होतो, आणि तोच फेस टॅपेटमध्ये जाऊन पुन्हा टकटक सुरू होते. हातमोजे घालावेत, वापरलेले ऑइल त्वचेला घातक असते. जुने ऑइल डब्यात भरून नगरपालिकेच्या पुनर्वापर केंद्रावर द्यावे, गटारात कधीही ओतू नये.

आता प्लग. एनजीके या कंपनीच्या बीकेआर६ई-११ या प्लगच्या नावातले प्रत्येक अक्षर काही सांगते. बी म्हणजे १४ मिलिमीटरचा आटा, के म्हणजे १६ मिलिमीटरचा षट्कोनी नट, आर म्हणजे आत रोधक आहे, ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर, आणि ११ म्हणजे ठिणगी जिथे पडते ती फट १.१ मिलिमीटर. रोधक नसलेला प्लग चुकूनही घेऊ नये, कारण ठिणगीचा विद्युत गोंगाट रेडिओत आणि इंजिनाच्या संगणकात शिरतो. मधला ६ हा हीट रेंजचा आकडा आहे, आणि घोळ होतो तो इथे. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, म्हणजे उष्णता लवकर सोडतो. बॉश आणि चॅम्पियन यांच्यात नेमके उलटे आहे. प्लगचे टोक ४५० अंशांच्या खाली राहिले तर त्यावर काजळी साचते, आणि ८०० च्या पुढे खूप गेले तर ठिणगीआधीच मिश्रण पेट घेऊ लागते. माझदाने या इंजिनासाठी ५ आणि ६ हे दोन्ही मान्य केले आहेत. शहरात, थंडीत, छोट्या फेऱ्यांसाठी ५. मोकळ्या रस्त्यावर जोरात चालवणाऱ्यासाठी ६. टर्बो बसवला असेल तर ७ कडे वळावे, मूळ स्थितीतल्या गाडीत ७ घातल्याने फक्त काजळी मिळते.

इरिडियम घ्यावे की साधे निकेलचे, या प्रश्नाचे उत्तर कॉइलमध्ये आहे. या गाडीत दोन कॉइल आहेत, एक १ आणि ४ क्रमांकाच्या सिलिंडरांची, दुसरी २ आणि ३ ची, आणि प्रत्येक कॉइल आपल्या दोन्ही प्लगांवर एकदमच ठिणगी पाडते. एक ठिणगी पेट्रोल पेटवते, दुसरी बाहेर जाणाऱ्या धुरात वाया जाते. विजेचा प्रवाह एका प्लगमध्ये मधल्या दांडीकडून बाहेरच्या दांडीकडे आणि जोडीदारात उलटा जातो, म्हणून चारपैकी दोन प्लगांची मधली दांडी जास्त झिजते आणि उरलेल्या दोघांची बाहेरची. फक्त मधल्या टोकावर इरिडियमसारखा मौल्यवान धातू असलेल्या प्लगाचा फायदा त्यामुळे अर्ध्याच सिलिंडरांना मिळतो. घ्यायचेच असतील तर दोन्ही टोकांवर असा धातू असलेले घ्यावेत. नाहीतर साधे निकेलचे घेऊन २५-३० हजार किलोमीटरला चारही बदलावेत. मी साधेच वापरतो, आणि ते ओळखीच्या दुकानातून घेतो, कारण बाजारात नकली प्लग भरपूर आहेत.

प्लग इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावेत, हेड अॅल्युमिनियमचे आहे आणि गरम असताना आटे खरवडले जातात. वायर ओढताना रबरी टोपी धरावी, वायर नव्हे, आणि प्लगच्या खोल विहिरीतली धूळ आधी फुंकून काढावी. काढलेले प्लग १ ते ४ क्रमाने वर्तमानपत्रावर मांडावेत. फिकट बदामी रंग चांगला. सुकी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड. ओले काळे ऑइल प्लगच्या टोकावर असेल तर ते आतून येत आहे, पण ते फक्त विहिरीत आणि चिनी मातीच्या भागावर असेल तर व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट गेलेले आहे, आणि ते बदलल्याशिवाय नवे प्लग घालू नयेत. नव्या प्लगांची फट फीलर गेजने तपासावी, १.० ते १.१ हवी, आणि वाकवायची ती फक्त बाहेरची दांडी. प्लगच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा लावून आटा हाताने धरवावा; आटा तिरका धरला तर नळी घसरते आणि हेड वाचते. मग १५ ते २३ न्यूटन-मीटरपर्यंत आवळावे. आट्यावर ग्रीस किंवा पेस्ट लावू नये, त्याने नकळत जास्त आवळले जाते.

एवढे करूनही पाचव्या गिअरमध्ये, दोन-अडीच हजार फेऱ्यांवर चढावर अॅक्सिलरेटर दाबताच गाडी मिसिंग मारून धक्के देत असेल, तर प्लगांना दोष देण्याआधी वायरी पाहाव्यात. रात्री, अंधारात, बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे आणि वायरींवर दुरून पाण्याचा बारीक फवारा मारावा. वायर फुटलेली असेल तिथे निळसर ठिणगी नाचताना डोळ्यांनी दिसते. या गाडीच्या वायरी चार-पाच वर्षांत थकतात, म्हणून मी दर दुसऱ्या प्लगबदलाला त्याही बदलतो आणि तारीख व किलोमीटर सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवतो.