बडोद्यात सहा महिने, सायकलवर

लेकीच्या बाळंतपणासाठी मी ऑक्टोबरात साताऱ्याहून बडोद्याला आले ती एप्रिलपर्यंत राहिले. बाळ सकाळी झोपलं की उजाडल्यापासून नऊपर्यंत मी मोकळी. तेवढ्या वेळात हे शहर सायकलवर पाहिलं. माझ्यासारख्याच लांबच्या मुक्कामाला परगावी जाणाऱ्या बायकांसाठी हे लिहिते आहे.

सायकल जुनीच घ्या, तीही दुरुस्तीच्या दुकानातून, आणि "जाताना परत घ्याल ना?" हे घेतानाच विचारून ठेवा. मी निजामपुऱ्यात बाविसशेला लेडीज सायकल घेतली. चाक उचलून फिरवा. डुगडुगत असेल तर आधी आउट काढून, म्हणजे चाक सरळ करून घ्या. सीट मात्र स्वतः बसून ठरवा. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडलेल्या किती जणींची सीट नुसती खाली असते! कुलूप लावताना साखळी चाकातून, दांड्यातून आणि एखाद्या पक्क्या कठड्यातून ओवायची. मागे लाल दिवा हवाच.

आता रस्ते. पहिल्या दिवशी मी मोबाइलच्या भरवशावर निघाले आणि एका पोळीत, म्हणजे जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत शिरले, ती आत जाऊन बंद. सायकल उलटी वळवायलाही जागा नव्हती. ओट्यावर दात घासणाऱ्या आजोबांनी मला जुन्या शहराची किल्ली दिली: मध्ये मांडवीची जुनी इमारत, आणि तिथून चार दिशांना चार दरवाजे. पश्चिमेला लहेरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट. त्यानंतर मी मोबाइल पिशवीतच ठेवला. चुकलं की कुणालाही विचारायचं, "मांडवी कई बाजू?" गुजरातीत एवढं आलं तरी पुरतं. पुष्कळदा उत्तर मराठीतच येतं. दांडिया बाजारात तर हमखास.

रोज नवा रस्ता धरू नका. निजामपुरा, फत्तेगंज, काळा घोडा, कोठी, रावपुरा, सूरसागर, मांडवी हा एकच रस्ता मी पहिले पंधरा दिवस केला, आणि दर दिवशी वाटेतल्या फक्त एका नव्या ठिकाणी उतरले. एक दिवस रावपुऱ्यातला तांबेकर वाडा फक्त बाहेरून, मग दुपारी पुन्हा येऊन आतली भित्तिचित्रं. कीर्तिमंदिरही तसंच, तिथे नंदलाल बोसांनी रंगवलेल्या भिंती आहेत, त्यांना वेळ द्या. एक दिवस खंडेराव मार्केट, भाजीसकट.

सयाजीबागेत मात्र मी चार वेळा थांबले. 1917 साली बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या बाबासाहेबांना जातीमुळे या शहरात कुणी राहायला जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही बाहेर काढलं, तेव्हा ते याच बागेत झाडाखाली बसले. जातिभेदाविरुद्ध लढण्याचा संकल्प त्यांनी इथे केला, म्हणून ती जागा आता संकल्पभूमी आहे. मी लेकीच्या घरातून चहा पिऊन आलेली, आणि ते पदवीधर असून असे! सायकल स्टँडवर लावून तिथे थोडं बसाच.

बागेलगतच्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, अगदी भर शहरात. पुलावरून पाहा, सायकल घेऊन काठावर कधीही उतरू नका. पावसाळ्यात मुक्काम असेल तर पाणी साचलेला रस्ता सोडून घरी परता.

उत्तरायणाचं, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या पतंगांच्या सणाचं, नीट ऐका. 14 आणि 15 जानेवारीला सायकल बाहेर काढायची नाही. पण मांजा त्याआधी आणि नंतरही कितीतरी दिवस झाडांवरून, तारांवरून लोंबतो आणि दिसत नाही. स्कूटरवाले पुढे तारेची उंच कमान लावतात, तशी दुकानदाराकडून हँडलला लावून घ्या आणि गळ्याला जाड मफलर घट्ट गुंडाळा. माझा मफलर एकदा फत्तेगंजला कापला गेला. खाली गळा होता.

मार्चपासून साडेआठलाच घरी यावं. त्यानंतरचं ऊन सोसत नाही. पाण्याची बाटली आणि लिंबू-मीठ जवळ असू द्या. सेव-उसळ मी रविवारसाठी ठेवली होती. तर्री आधी थोडीच घाला, ती फार तिखट असते.

निघण्याच्या आदल्या दिवशी सायकल पुसून, तेल घालून परत नेली. दुकानदाराने ठरल्याप्रमाणे पंधराशे दिले. तारेची कमान मी काढू दिली नाही, पुढच्या बाईला लागेल.