नवीन वायरलेस डिव्हाइस बनवताय? आधी बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) कुणाचा आहे ते बघा

बरेच जण आधी रेडिओ मॉड्यूल मागवतात, कोड लिहितात, सगळं चालू झालं की मग विचारतात, "ही फ्रिक्वेन्सी चालते ना?" कृपा करून हे उलट्या क्रमाने करा.

पहिलं म्हणजे आपला देश आयटीयूच्या, म्हणजे जगभरात फ्रिक्वेन्सी वाटपाचे नियम ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या, कुठल्या रीजनमध्ये येतो ते बघा. रीजन १ म्हणजे युरोप, आफ्रिका वगैरे, २ म्हणजे दोन्ही अमेरिका, ३ मध्ये उरलेला बराचसा आशिया आणि ऑस्ट्रेलिया. ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ हा पट्टा आयएसएम (उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय उपकरणांसाठीचा) म्हणून फक्त रीजन २ मध्ये आहे आणि ऑनलाइन मिळणारी कितीतरी '९१५' वाली मॉड्यूल त्याच हिशोबाने बनलेली असतात. बाकी बऱ्याच देशांत ८९० ते ९१५ मध्ये मोबाइल फोन टॉवरकडे सिग्नल पाठवतात, म्हणजे टॉवर तिथे लांबच्या फोनचा अगदी क्षीण आवाज ऐकायला कान लावून बसलेला असतो आणि तुमचा सेन्सर शेजारच्या गच्चीवरून ९०५ वर ओरडतोय! तुमचं काम मस्त चालतं त्यामुळे तुम्हाला कळतही नाही, कॉल दुसऱ्याचे कट होतात.

मग सरकारचं फ्रिक्वेन्सी अलोकेशन टेबल, म्हणजे कुठला पट्टा कुठल्या सेवेला दिलाय त्याचा तक्ता, उघडा, बहुतेक देशांत ते फुकट मिळतं. कॅपिटल अक्षरांतली सेवा प्रायमरी, साध्या अक्षरांतली सेकंडरी. सेकंडरीवाल्याने प्रायमरीला त्रास द्यायचा नाही, आणि प्रायमरीचा त्रास झाला तर तक्रारही करता येत नाही. तळटीपा वाचाच, खरी मेख तिथेच असते.

'लायसन्स नको' दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. पॉवर किती आणि किती वेळ, हेही ठरलेलं असतं. युरोपात ८६८.० ते ८६८.६ मध्ये २५ मिलिवॅट, आणि बोलण्याआधी चॅनल ऐकायची सोय डिव्हाइसमध्ये नसेल तर १ टक्का ड्युटी सायकल, म्हणजे तासाला फक्त ३६ सेकंद सिग्नल पाठवायचा. हवेतून फर्मवेअर अपडेट पाठवायचा प्लॅन इथेच अडकतो.

आणि हवा तसा बँडच नसेल तर? नवीन बँड उघडण्याआधी सरकारं बहुधा हरकती-सूचना मागवतात, तिथे लिहा. हे फक्त मोठ्या कंपन्यांचं काम, हे मला अजिबात पटत नाही. ६ गिगाहर्ट्झचंच बघा, अमेरिकेने २०२० मध्ये वायफायसारख्या बिनालायसन्स वापराला १२०० मेगाहर्ट्झ दिले, युरोपने २०२१ मध्ये फक्त खालचे ४८०. म्हणजे निर्णय आधीच ठरलेला नसतो. फक्त "आम्हाला स्पेक्ट्रम हवा" एवढंच लिहू नका, किती मेगाहर्ट्झ, किती पॉवर, घरात की बाहेर हे सांगा, आणि तिथे आधीपासून असलेल्या मायक्रोवेव्ह लिंक (दोन टॉवरमधली रेडिओ जोडणी) किंवा सॅटेलाइटला त्रास का होणार नाही याची मोजमापं जोडा, मुदतीच्या आत.