टिक्क्याच्या जुन्या नमुन्यांची नोंद करण्यापूर्वी

भुईमुगाच्या पानांवर ठिपके पाडणाऱ्या टिक्का रोगाचे हर्बेरियममधील, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातील, नमुने संगणकावर नोंदवायचे असतील, तर पाकिटे उघडण्याआधी नावांचा गुंता सोडवून घ्यावा. टिक्का या एकाच नावाखाली दोन बुरश्या येतात. लवकर येणाऱ्या ठिपक्यांच्या सर्कोस्पोरा अराकिडिकोलाचे वर्णन होरी यांनी १९१७ मध्ये केले. उशिरा येणाऱ्या ठिपक्यांची बुरशी आज नोथोपासालोरा पर्सोनाटा म्हणवते, परंतु जुन्या चिठ्ठ्यांवर ती बहुधा सर्कोस्पोरा पर्सोनाटा असते. म्हणून चिठ्ठीवरचे नाव जसेच्या तसे एका रकान्यात आणि सध्याचे नाव दुसऱ्या रकान्यात घ्यावे. मूळ चिठ्ठी काढू नये, नवी ओळख पटवणाऱ्याचे नाव व तारीख असलेली वेगळी चिठ्ठी शेजारी जोडावी.

मेजावर भिंग, चिमटा, मऊ कुंचला, मिलिमीटरची पट्टी, काचपट्ट्या आणि बुरशी रंगवण्याचे लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लू हे द्रावण असावे. पहिल्या बुरशीचे बीजाणू मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूस आणि दुसरीचे खालच्या बाजूस येतात, त्यामुळे पानाची कोणती बाजू पाहिली हे लिहिल्याशिवाय नोंद अपुरी समजावी. ठिपक्याभोवतीच्या पिवळ्या कड्यावर विसंबू नये, कारण वाळलेल्या पानात ते टिकेलच असे नाही. निर्णय सूक्ष्मदर्शकाखालीच करावा. खालची बाजू कागदाला चिकटवलेली असेल तर पान सोलू नये, ‘बाजू तपासता आली नाही’ असे स्पष्ट लिहावे. एकाच पानावर दोन्ही बुरश्या असू शकतात, हे गृहीत धरूनच ठिपके निवडावेत. तपासणीसाठी ठिपका खरवडण्यापूर्वी संग्रहपालाची परवानगी घ्यावी आणि तयार काचपट्टीवर नमुन्याचाच क्रमांक घालावा.

ठिकाणाच्या बाबतीत घाई विशेष नडते. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि पुढे त्यालाच सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे त्यापूर्वीच्या चिठ्ठीवर नुसते ‘सातारा’ असेल, तर ते गाव आज सांगली जिल्ह्यातही असू शकते. अशा वेळी अक्षांश-रेखांश ओढूनताणून भरण्यापेक्षा अनिश्चिततेचे अंतर, म्हणजे खरे ठिकाण नोंदवलेल्या बिंदूपासून किती दूर असू शकते ते, मोठे दाखवणे अधिक प्रामाणिक ठरते. ७-९-३१ यांसारख्या तारखेत दिवस कोणता आणि महिना कोणता, हे त्याच संग्राहकाच्या इतर चिठ्ठ्यांशी ताडून ठरवावे.

पाकिटाच्या तळाशी पानाचा चुरा राहिला असल्यास तो झटकून टाकू नये. बीजाणू त्यातही सापडू शकतात.