परतीचा पाऊस सरला की रिक्सिया लावा

माशांच्या टाकीत तळाशी हिरवी गादी आणि तिच्यावर हवेचे बारीक बुडबुडे दिसतात, ती बहुतेक वेळा रिक्सिया फ्लुइटन्स असते. दुकानदार तिला सरसकट शेवाळ म्हणतात, पण ही यकृतका (लिव्हरवर्ट) या बिनफुलांच्या साध्या वनस्पतींच्या गटातली. पावसाळ्यात सिंहगडाच्या वाटेवर ओल्या दरडींना चिकटलेल्या हिरव्या चकत्या असतात, त्यांच्या कुळातली. पाण्यावर तरंगणाऱ्या रिक्सियाला ना मूळ ना पान. नुसत्या मिलीमीटरभर रुंदीच्या फिती, टोकाला दुभंगत वाढणाऱ्या. तुटला तुकडा की झालं नवं रोप. म्हणून मूठभर बेणं पुरतं.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत पुण्याची हवा हिला मानवते. आधी घाई करू नका. परतीच्या पावसाची एक जोरदार सर आली की टब भरून वाहतो आणि माल गटारात जातो. एप्रिल-मेमध्ये उथळ पाणी दुपारी तापतं आणि गादी पिवळी पडून सडते. तेव्हा थोडं बेणं घरात सावलीला जपायचं, एवढंच.

गच्चीवर किंवा नर्सरीत 50 टक्के शेडनेटखाली प्लास्टिकचा टब ठेवा, पाणी वीतभर. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून मग वापरा. बोअरचं पाणी जड असेल तर त्यात साठवलेलं पावसाचं पाणी मिसळा. टबात गप्पी मासे सोडाच. डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिकेची नोटीस येते, आणि माशांच्या विष्ठेतून थोडं खतही मिळतं. त्यापलीकडे खताचा मोह आवरा. युरिया किंवा शेणपाणी घातलं की रिक्सियाआधी तंतुशेवाळ माजतं, आणि फितींत गुंतलेलं ते निवडत बसणं म्हणजे डोक्यातल्या लिखा काढण्यासारखं काम.

शेतकऱ्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराईड यांसारखं तांब्याचं बुरशीनाशक मारलेला पंप, बादली, मग, काहीही टबाजवळ आणू नका. तांबं हिला सोसत नाही. द्राक्षाच्या किंवा टोमॅटोच्या फवारणीचा उडून आलेला तुषारही नको.

टाकीत बुडवून विकायची असेल तर ती बांधावी लागते, नाहीतर वर येते. काळ्या दगडाच्या चपट्या तुकड्यावर पातळ थर पसरा आणि केसांची जाळी किंवा मासेमारीचा दोरा गुंडाळा. शहाबादीचा तुकडा घेऊ नका, तो चुनखडीचा. पाण्याचा जडपणा वाढवतो. पाण्याखाली प्रकाश भरपूर हवा, कार्बन डायऑक्साईड दिला तर वाढ चांगली होते. गादी दोन बोटं जाड झाली की कात्रीने छाटा. उशीर केलात तर खालचा थर उजेडाअभावी पिवळा पडतो, पकड सुटते आणि सगळी गादी एकदम वर तरंगते. छाटलेले तुकडे बारीक जाळीने गोळा करून पुन्हा टबात टाका. विकायच्या मालात टिकलीएवढ्या गोल पानांचं डकवीड दिसलं तर एकेक वेचून काढा. एक जरी गिऱ्हाइकाच्या टाकीत गेलं तर तो परत येणार नाही.