जर्मन यजमानांच्या घरी राहायला जाताय? या चुका टाळा

स्टुटगार्टजवळच्या त्या गावातली पहिली रात्र मी भाकरवडीवर काढली. खोलीचं दार लावून, पिशवीचा आवाज होऊ नये म्हणून ती पांघरुणात घेऊन. वय सोळा, शाळेचा विनिमय कार्यक्रम, आणि घरात माझ्यावर कुणाचाही राग नव्हता.

झालं होतं एवढंच, की संध्याकाळी साडेसहाला टेबलावर काळा ब्रेड, लोणी, दोन-तीन प्रकारचं चीज आणि काकडी मांडली होती. मी एक काप खाल्ला. घरातल्या बाईंनी विचारलं, "अजून घेतेस?" मी म्हटलं, "नको, नको." आपल्याकडे हे वाक्य म्हणजे आग्रहाची सुरुवात. दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा धरायचा आणि मग "बरं, अर्धीच" म्हणून दोन पोळ्या खायच्या. त्या बाई "गुट" म्हणाल्या आणि चीज फ्रीजमध्ये गेलं.

आता पुण्यात जर्मन शिकवते आणि जाणाऱ्या मुलांना सगळ्यात आधी हेच सांगते: तिथे तुमच्या शब्दाचा अर्थ तुमचा शब्द एवढाच धरतात. दुसऱ्यांदा विचारणं हा त्यांच्या लेखी तुमच्या नकाराचा अपमान. भूक असेल तर "या, बिटं", म्हणजे "हो, द्या", म्हणा. आणि एक छुपा खड्डा: कुणी काही देऊ केल्यावर नुसतं "डांकं" म्हणालात, तर ते बहुतेकदा "नको, आभारी आहे" असंच ऐकलं जातं. हो म्हणायच्या वेळी मान डोलावण्यावरही विसंबू नका. आपली ती तिरपी मान त्यांना वाचता येत नाही.

रात्रीचं जेवण थंड असलं म्हणजे तुमची हेळसांड होतेय असं नाही. त्याचं नावच "आबंडब्रोट", संध्याकाळचा ब्रेड. गरम जेवण पुष्कळ घरांत दुपारीच होतं. आयांनी फोनवर हळहळू नये.

शाकाहारी मुलांनी "मी व्हेजिटेरियन" एवढ्यावर थांबू नये. मासे नाहीत, हॅम नाही, मांसाचं सूप नाही, जिलेटिन नाही, अंडं चालतं की नाही, हे एकेक करून आणि जायच्या आधी पत्रातच सांगा. त्या भागात मसुराची दाट उसळ श्पेट्सलं नावाच्या शेवयांसारख्या पदार्थाबरोबर देतात. बघून आमटीची आठवण येते, पण त्यात बरेचदा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि वर सॉसेज. माउलटाशं तर दिसतात मोदकाच्या चपट्या भावंडासारख्या, आत मात्र बहुधा खिमा. उपवासात देवापासून मांस लपवायला त्या शोधल्या, असा तिथला जुना विनोद आहे.

भेटवस्तूंची पिशवी उलटी करून बघा

माझ्या एका विद्यार्थिनीने आईने हौसेने दिलेलं मण्यांचं तोरण नेलं. मधोमध लाल स्वस्तिक. यजमानांनी ते बघितलं, क्षणभर कुणी बोललं नाही, मग त्यांनी ते परत कागदात गुंडाळून तिच्या हातात दिलं. नाझी चिन्हांचं जाहीर प्रदर्शन हा जर्मनीत दंडसंहितेच्या ८६अ कलमाखाली गुन्हा आहे. आपलं धार्मिक स्वस्तिक हे त्या कायद्याचं लक्ष्य नव्हे, पण दारावरचं तोरण बघणाऱ्या शेजाऱ्याला तो फरक कोण समजावणार? कुंकवाचा करंडा, पूजेची पिशवी, रुमालाची किनार, सगळं तपासा. वारली चित्र, पैठणीच्या कापडाची पर्स, चहाचा मसाला खुशाल न्या.

न्हाणीघर आणि खिडकी

घरातल्या अर्ध्या कुरबुरी या दोन जागी जन्मतात. शॉवरच्या किंवा टबच्या बाहेरच्या फरशीला बहुतेक घरांत पाणी जायला वाटच नसते. बादली-तांब्याने फरशीवर आंघोळ केलीत, तर पाणी खालच्या मजल्याच्या छतातून उतरेल. पडदा टबच्या आत घ्या. आंघोळ झाली की काचेवर रबरी पट्टी फिरवा, ती तिथेच टांगलेली असते. संडासात जेट नसतो. धुतल्याशिवाय चालत नसेल तर छोटा मग न्या, फक्त फरशी कोरडी ठेवा.

खिडकीची मूठ खाली म्हणजे बंद, आडवी म्हणजे पूर्ण उघडी, वर म्हणजे नुसती वरून कलती. खिडकी उघडी असताना मूठ वर फिरवलीत तर ती एका कोपऱ्यावर लोंबकळते आणि आता अंगावर पडणार असं वाटून घाम फुटतो. ती पडत नाही. चौकटीत नीट दाबून धरा, मग मूठ फिरवा. थंडीत हीटर बंद करून पाच मिनिटं सताड उघडायची, हा तिथला रोजचा नियम. दिवसभर कलती ठेवली तर उष्णता वाया जाते, अजिबात उघडली नाही तर भिंतीला बुरशी येते. खोलीत ओले कपडे वाळत घालून ठेवले तरी तेच.

एकदा तरी तुम्हाला स्वयंपाक करायला सांगतील. झोपायच्या खोल्यांमध्ये आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये धुराचे अलार्म असतात. मोहरी-मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावा, पंखा पूर्ण जोरात ठेवा. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही.

वेळ

"हाल्प द्राय" म्हणजे साडेतीन नव्हे, अडीच. मी यजमानांच्या आजीला तासभर स्टेशनवर उभं केलंय, म्हणून सांगते. स्टुटगार्टकडे तर "फीर्टल द्राय" म्हणजे सव्वादोन आणि "द्रायफीर्टल द्राय" म्हणजे पावणेतीन. एरवी त्यांचे आकडे मराठी माणसाला सोपे: एकवीस, बावीस यांत आपणही एकक आधी म्हणतो. उशीर होणार असेल तर पाच मिनिटांसाठीही आधी कळवा, पोचल्यावर माफी मागणं त्यांना पुरत नाही.

वेळेचीच दुसरी अडचण म्हणजे घरचा फोन. उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे, थंडीत साडेचार. म्हणजे उन्हाळ्यात तिकडे साडेसहाला सगळे जेवायला बसतात, तेव्हा इकडे रात्रीचे दहा, आईबाबांची निवांत वेळ. रोज टेबलावरून उठून खोलीत गेलात की यजमानांना वाटतं, या मुलीला आपण आवडत नाही. बहुतेक कार्यक्रमांत त्यांना पैसे मिळत नाहीत, त्यांना तुमची सोबत हवी असते. फोनचे दोन वार ठरवा आणि ते यजमानांनाही सांगा.

रविवारी दुकानं बंद, ड्रिल बंद, रिकाम्या काचेच्या बाटल्या त्यांच्या कुंडीत टाकणंही बंद. रात्री दहानंतर शांतता. कचऱ्याचे डबे कुठल्या रंगाचे कशासाठी, हे गावागणिक बदलतं, पहिल्याच दिवशी विचारा. पंचवीस सेंट अनामत असलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मात्र चिरडू नका, दुकानातलं यंत्र त्या परत घेत नाही.

बिनसलं तर

"कप इथे नाही, वरच्या खणात" हे वाक्य रागावणं नसून माहिती आहे. पुणेरी पाट्या वाचून मोठे झालेल्यांना हे फार जड जाऊ नये. काका-काकू म्हणायची सोय नाही. त्यांनी "डू", म्हणजे "तू", म्हणा सांगितलं, की नावाने हाक मारा, जीभ अडखळली तरी.

मी मात्र कपच फोडला होता आणि तुकडे बॅगेत लपवले होते. तिसऱ्या दिवशी सापडले. लपवलंस का, एवढंच त्यांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही त्याच संध्याकाळी सांगा. जायच्या आधी विम्याच्या कागदात "हाफ्टफ्लिश्ट" हा शब्द आहे का तेही बघून ठेवा, दुसऱ्याच्या वस्तूचं नुकसान त्यातून भरून निघतं. आणि पंधरा दिवस उलटूनही घरात घुसमट होत असेल, तर आधी कार्यक्रमाच्या स्थानिक समन्वयकाला फोन करा, भारतात नंतर. घर बदलून मिळू शकतं, आणि ते आईबाबांना नाही, त्यांनाच करता येतं.